बॅरिकेडच्या तळाशी फिर्मां ग्रोब्वा

ही गोष्ट तुम्हांला खरी वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेली नाही. मी सांगायला लागलो की लोक पेला उचलतात आणि पलीकडच्या टेबलाशी जाऊन बसतात. जा, खुशाल जा. पण अठराशे तीस सालच्या जुलैत दहाव्या शार्लचं सिंहासन कुणी उलथवलं असं विचारलंत, तर वर्तमानपत्रवाले आपलं नाव सांगतील, विद्यार्थी आपलं सांगतील, आणि पेढीवाले तर काहीएक न करता आपलंच सांगतील. खरं नाव आहे फिर्मां ग्रोब्वा. पॅरिसच्या सेंत-आंत्वान उपनगरातला, कपाटं करणारा सुतार. आणि सिंहासन उलथवलं तेव्हा तो पालथा पडलेला होता.

फिर्मांचा हात चांगला होता आणि त्याला ते माहीत होतं, हीच पंचाईत. बाकीचे सुतार दर्शनी बाजूला अक्रोड लावतात आणि पाठीला पॉप्लरच्या स्वस्त लाकडाची कागदासारखी फळी ठोकून मोकळे होतात. भिंतीला टेकणारी पाठ बघतंय कोण? फिर्मां म्हणायचा, भिंत बघते. म्हणून त्याच्या कपाटाच्या पाठीलाही दरवाजाइतकंच जाड अक्रोड. दाराच्या खाचेत तो सरसानं नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या चिकटवायचा, म्हणजे दार लावलं की आवाज नाही, धूळ नाही, कसर नाही. समोरच्या कारखान्यातला ल्यूबां त्याला विचारायचा, "काय रे, कपाट करतोस की राजाची शवपेटी?" फिर्मां रंधा मारत राहायचा. ल्यूबांच्या कपाटांची दारं पावसाळ्यात लागत नसत आणि उन्हाळ्यात राहत नसत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

आता आमच्या उपनगरात कपाट पुरं झालं की 'उजेड बघायची' रीत आहे. कारागीर स्वतः आत शिरतो, बाहेरून कुलूप लावून घेतो आणि काळोखात उभा राहतो. डोळे सरावले की कुठं सांध्यातून उजेडाची तार दिसते का ते शोधायचं. दिसली तर कपाट अपुरं. त्या वेळात बोलायचं नाही, कारण माणूस बोलायला लागला की बघायचं विसरतो. बघून झालं की आतून दोनदा टकटक करायची, मग बाहेरचा माणूस किल्ली फिरवतो. आणि गिऱ्हाइकाला हे कळू द्यायचं नाही. वकिलीणबाईच्या चादरी जिथं ठेवायच्या तिथं घामट सुतार उभा होता हे कुठल्या वकिलीणबाईला आवडेल?

हे कपाटही एका वकिलाचंच होतं. बुधवारी सकाळी फिर्मां त्यात शिरला. बाहेर किल्ली घेऊन त्याची बायको झेली उभी होती, नेहमीसारखी.

"लवकर आटप," झेली म्हणाली. "रस्त्यावर काहीतरी चाललंय."

"रस्त्यावर रोजच काहीतरी चाललेलं असतं," फिर्मां म्हणाला. "लाव दार."

तिनं दार लावलं, किल्ली फिरवली, एप्रनच्या खिशात टाकली. आत काळोख असा पडला की फिर्मांला स्वतःचं नाक सापडेना. तो खूष झाला. वरचा सांधा बघितला, काळा. डावा सांधा, काळा. उजवीकडे वळतो तोच देवळाची धोक्याची घंटा वाजायला लागली. नमद्यातून ती लांब शेजारगावात वाजावी तशी येत होती. झेली काय झालं बघायला फाटकापर्यंत गेली. तेवढाच वेळ. त्याला मी तरी वेळ म्हणणार नाही.

तेवढ्यात कपाट उचललं गेलं.

इथं दुसरा कुठलाही माणूस बोंबलला असता. पण फिर्मां सुतार होता. त्याला वाटलं, वकिलाचे हमाल आले. आता ओरडावं तर हमाल बघणार, हमाल वकिलाच्या स्वयंपाकिणीला सांगणार, स्वयंपाकीण बाईला सांगणार, आणि ग्रोब्वाच्या कपाटात ग्रोब्वाच सापडला म्हणून ल्यूबां ईस्टरपर्यंत हसणार. झेली त्यांना थांबवेल आणि काहीतरी सबब सांगून कपाट खाली ठेवायला लावेल, अशा भरवशावर तो श्वास धरून उभा राहिला. उचलणारे धापा टाकत होते.

"काय जड आहे रे."

"ग्रोब्वाचा माल आहे. पाठीलाही अक्रोड लावतो गाढव."

गाढव म्हणणारा आवाज ल्यूबांचा होता. ल्यूबां वकिलाच्या हमालांत कसा, याचा विचार फिर्मां करतोय तोवर कपाट कललं आणि तो तोंडावर आपटला. कपाट भर रस्त्यात दारावर पालथं पडलं. दार खाली, फरशीला चिकटून, आणि पाठ वर. मग त्या पाठीवर पहिला दगड पडला.

आता मात्र तो ओरडला. पण वर शेकडो माणसं राजाच्या सैन्याची वाट अडवायला बॅरिकेड रचत होती, फरसबंदीचे दगड उखडत होती, गात होती, घंटा वाजत होती, आणि खाली त्याची स्वतःची नमद्याची पट्टी होती. असं बेमालूम काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. दगडांवर दगड पडत गेले, मग एक पिंप गडगडत आलं, मग लोकांनी एक उतारूंची घोडागाडी उलटी करून वर आणून टाकली. प्रत्येक वेळी अक्रोडाची फळी थोडी कण्हायची आणि थांबायची.

"झकास पाया आहे," वरून एक भारदस्त आवाज म्हणाला. तो म्हातारा बुशार, जुन्या सम्राटाच्या फौजेत सार्जंट असलेला आणि तेव्हापासून पुन्हा कुणावर तरी हुकूम चालवायची वाट बघत बसलेला. "ह्यावर हत्ती उभा करा."

आयुष्यात पहिल्यांदाच फिर्मांच्या कामाची कुणी भर रस्त्यात तारीफ केली, आणि ती ऐकताना तो तोंडावर पालथा पडला होता.

उकाडा कसला होता सांगू. त्या जुलैत छपरांवरचं शिसं मऊ पडत होतं. कपाटात सरस वितळायला लागला आणि त्याचा वास नाकात बसला. वळायला जागा नव्हती. कुशीवर झालं तर खांदा पाठीच्या फळीला लागायचा. हवा जुनी व्हायला लागली होती. मघाशी सोडलेला श्वासच आपण परत घेतोय, तोही अर्धाच उरलाय, असं त्याला वाटलं. बाहेर पडलो नाही तर संध्याकाळ बघणार नाही, हे त्याला साफ कळलं. त्यानं बुटांच्या टोकांनी खालच्या दारावर धडका द्यायला सुरुवात केली. वर एकदम शांतता झाली.

"ऐकलंत?" ल्यूबां म्हणाला. "खालून येतंय."

"भुयार," बुशार म्हणाला. "सैन्य खालून खणतंय. व्हागरामच्या लढाईत आम्ही हेच केलं होतं. दगड आणा."

आणि आणखी दगड आले. फिर्मांनं पाय आवरले. सुटायची जी जी खटपट करावी ती त्याला आणखी पक्की गाडत होती.

मग त्याला गाठ आठवली. त्या कपाटाच्या एका कुशीला, डोक्याच्या उंचीवर, लाकडात एक गाठ होती. फिर्मां गाठीची फळी कधी वापरत नसे. ही रंधा मारल्यावर दिसली होती, आणि टाकायला जीव झाला नाही म्हणून त्यानं गाठ काढून त्या जागी लाकडाचा गुटका बसवला होता, इतका बेमालूम की झेलीलाही दिसला नव्हता. त्या लबाडीनं तो पंधरवडाभर झोपला नव्हता. आता त्यानं अंधारात बोटांनी गुटका चाचपला, खिशातलं कर्कटक काढलं आणि टोकरायला लागला. स्वतःचं काम पोखरायला स्वतःलाच इतका वेळ लागावा याचा त्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. शेवटी गुटका बाहेर पडला. अंगठ्याएवढं भोक. त्यानं आधी नाक लावलं. पोटभर हवा घेऊन झाल्यावर डोळा लावला.

भोक उघडलं ते नेमकं राजाच्या सैन्याच्या बाजूला.

समोर मोकळा रस्ता, कुणाचा तरी एक बूट, आणि लांबून येणारी संगिनींची रांग. मग धूर. गोळ्या कपाटाच्या कुशीत येऊन बसायच्या आणि अक्रोड त्या गिळायचं. सैनिक धावत आले, वरून दगड, कौलं, एक चूल आणि मुळ्याच्या जुड्या पडल्या, सैनिक धावत परत गेले. एक तेवढा राहिला. बॅरिकेडच्या अगदी पायाशी तो अंग चोरून बसला होता. तिथं वरच्यांच्या बंदुका पोचत नव्हत्या, पण पुढं जावं तरी मरण आणि मागं जावं तरी मरण. त्याची बाही भोकापासून वीतभर होती.

"शुक्," फिर्मां म्हणाला. "मित्रा."

सैनिकानं छातीवर क्रूसाची खूण केली.

"इकडे. लाकडात."

सैनिकानं भोकाकडे बघितलं. तो ब्रेतान्य प्रांतातला, इव्हों नावाचा, चाळिशीचा शेतकरी गडी. लाकडाची पेटी, पेटीला लहानसं भोक, भोकातून येणारा दमलेला माणसाचा आवाज. असली एकच वस्तू त्यानं आयुष्यात बघितली होती. त्यानं टोपी काढली आणि गुडघ्यांवर आला.

"मला क्षमा करा, फादर," तो म्हणाला. "ह्यांनी चर्चमधली तुमची पापकबुलीची पेटीसुद्धा सोडली नाही का?"

फिर्मां 'मी पाद्री नाही' म्हणणार होता. पण बाहेर इतकं जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"सोडली नाही, बाळा," तो म्हणाला. "बोल."

"काल पुलाजवळ मी एका खिडकीत गोळी मारली, फादर. हुकूम होता. खिडकीत लाल फुलांची कुंडी होती. कुंडी खाली पडून फुटली. पण कुंडीच्या मागं कुणी होतं का, ते मला दिसलं नाही. रात्रभर तीच खिडकी डोळ्यांपुढं येत होती."

 सुतारकामात ह्याला उत्तर नव्हतं.

"मागं कुणी नव्हतं," फिर्मां म्हणाला.

"तुम्हांला कसं ठाऊक?"

"माणूस मागं असता तर कुंडी आत पडली असती का बाहेर?"

इव्होंनं विचार केला. ह्यात काही अर्थ नव्हता, पण तो ढसाढसा रडला आणि त्याला बरं वाटलं. मग त्यानं प्रायश्चित्त विचारलं. फिर्मांनं ते तयारच ठेवलं होतं: कोट उलटा करून अंगात घाल, बंदूक इथं ठेव, हात वर करून हा ढीग चढ, आणि वरच्या माणसांना सांग की तळाशी जिवंत माणूस आहे, त्याला आधी बाहेर काढा.

इव्हों चढला. त्याला वर ओढून घेतलेलं, पाठीवर थापा मारलेल्या, कुणीतरी वाइन पाजलेली, सगळं फिर्मांला वरच्या आवाजांवरून कळलं. मग इव्हों म्हणाला, "खाली एक फादर आहेत. फार पुण्यवान माणूस. त्यांना काढा."

"खाली कोण आहे?"

"पाद्री."

 मग सगळं बॅरिकेड हसलं. वरची घोडागाडीसुद्धा हलली.

"पाद्री आहे होय," ल्यूबां म्हणाला. "मग राहू दे. राजाला आशीर्वाद देत होता ना, आता दगडांना देईल."

"भुयार नाही ते, पाद्री आहे," बुशारनं जाहीर केलं. "सगळ्यांनी निश्चिंत झोपा."

फिर्मांनं कपाळ फळीवर टेकवलं. आता तो नुसता गाडलेला राहिला नव्हता, लोकांना तो गाडलेलाच हवा होता.

इकडे झेलीचं काय झालं होतं? ती फाटकाहून परतली तर कारखान्याचं मागचं दार सताड उघडं, आणि कपाट ठेवलेल्या जागी भुश्शाचा चौकोन. तेव्हापासून ती किल्ली घेऊन उपनगरभर पळत होती. गल्ली गल्ली बॅरिकेड, आणि आमचं उपनगर सुतारांचं, त्यामुळे प्रत्येक बॅरिकेडमध्ये चार कपाटं. ती प्रत्येकावर दोनदा टकटक करायची आणि कान लावायची. बायका विचारायच्या, "काय शोधतेस गं?"

"माझा नवरा कपाटात आहे."

"अगं, सगळ्यांचेच असतात. पण दुसरीच्या."

ती आमच्या बॅरिकेडपाशी आली तेव्हा इव्हों अजून पुण्यवान फादरांबद्दल सांगत होता. झेलीनं दगडांत हात घातला, अक्रोडापर्यंत पोचवला आणि दोनदा टकटक केली.

फिर्मांनं तो आवाज हजारांत ओळखला असता. त्यानंही दोनदा केली.

"हा पाद्री नाही," झेली म्हणाली. "हा माझा आहे. काढा दगड."

बुशार म्हणाला, "मादाम, ह्या कपाटावर गाडी उभी आहे, गाडीवर पिंपं आहेत, पिंपांवर क्रांती आहे. दगड काढले तर गाडी खाली बसेल, आणि कशावर बसेल ते तुम्हीच सांगा."

"मग बाजूनं करवतीनं कापा."

"कुशीची फळीच तर सगळा भार धरून आहे," ल्यूबां म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. मघापासून आपण कुणावर दगड रचत होतो ते त्याला कळलं होतं. "हात लावता येणार नाही, झेली. सैन्य रस्त्यातनं जाईपर्यंत कशालाच हात लावता येणार नाही."

झेलीनं वाद घातला नाही. ती बॅरिकेड चढली, पलीकडे उतरली आणि सैन्याच्या बाजूला, मोकळ्या रस्त्यात, भोकापुढं बसली.

"फिर्मां."

"तू इथं काय करतेस? गोळ्या चालतात इथं."

"हजारदा सांगितलं, पाठीला पातळ फळी लाव. लोकांसारखी. आता लाथ मारून बाहेर आला असतास."

"वकिलानं अक्रोडाचं सांगितलं होतं."

"दर्शनी बाजूला सांगितलं होतं. पाठीचं तुझ्या डोक्यातलं. आणि हे भोक कसलं?"

 मरायला टेकलेला माणूससुद्धा काही गोष्टी लगेच कबूल करत नाही.

"गाठ होती," शेवटी फिर्मां म्हणाला.

"गाठ. आणि गुटका मारलास." झेली थोडं हसली. मग वरून कुणीतरी पाव आणि वाइनची बाटली खाली सोडली; तिनं पाव तोडून त्याच्या बोटाएवढ्या कांड्या केल्या आणि एकेक आत सरकवली. ढिगात गव्हाच्या काड्यांनी विणलेली एक खुर्ची अडकलेली होती. तिच्या बैठकीतून तिनं एक लांब पोकळ काडी उपसली, तिचं एक टोक आत दिलं, दुसरं वाइनच्या बाटलीत बुडवलं. फिर्मांनं ओढलं. आयुष्यातली सगळ्यात कोमट, सगळ्यात आंबट, सगळ्यात चांगली वाइन. रात्र त्यांनी अशीच काढली, तो आत, ती बाहेर, मधे अंगठ्याएवढं भोक. तो म्हणायचा जा, ती म्हणायची गप.

गुरुवारी ऊन वर आलं तेव्हा रस्त्याच्या टोकाला तोफा आल्या.

भोकातून फिर्मांला तोफा दिसत नव्हत्या. झेलीचा घागरा दिसत होता. चाकांचा खडखडाट मात्र फरशीतून त्याच्या हनुवटीत येत होता. वर बुशार ओरडला, "मादाम, अलीकडे या." झेली हलली नाही.

"झेली, ते वर बोलावताहेत."

"ऐकू येतंय मला."

"मग जा. मी तुझा नवरा आहे, मी सांगतोय."

"तू कपाट आहेस सध्या," झेली म्हणाली. "कपाटानं बोलू नये."

कालपासून फिर्मांला स्वतः मरायची भीती होती. ती आता कुठल्या कुठं गेली आणि तिच्या जागी दुसरीच आली, कितीतरी मोठी, आणि कपाटात तेवढी जागा नव्हती. तोफवाल्यांनी काकडा पेटवला. फिर्मांनं दोन्ही तळवे खालच्या दारावर टेकवले, पाठ वरच्या फळीला लावली, आणि आता नीट ऐका मंडळी, तो उठला. कपाटासकट उठला. वरचे दगड उठले, पिंपं उठली, उलटी गाडी उठली, गाडीवर बुशार, ल्यूबां आणि उलट्या कोटातला इव्हों, सगळे हवेत. अख्खं बॅरिकेड उभं राहिलं, त्यानं झेलीला अलगद ओलांडलं, आणि ते रस्त्यातनं तोफांच्या दिशेनं चालायला लागलं. आजवर सैन्यानं बॅरिकेडवर चाल केली होती. बॅरिकेड सैन्यावर चालून येताना कुणी बघितलं होतं? तोफवाल्यांनी काकडा टाकला आणि पळाले. बॅरिकेड बास्तीयच्या चौकातनं वळलं, नगरभवनापाशी पोचलं, तिथली पलटण बंदुका टाकून पळाली, तिला पळताना बघून दुसरी पळाली, आणि बातमी राजापर्यंत गेली की महाराज, पॅरिसमधले रस्ते उठून चालायला लागलेत. त्यावर कुठला राजा थांबेल? त्याच पावली फिर्मां...

"बंडल मारू नकोस, फिर्मां," दारातून म्हातारी झेली मला म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "तोफा आल्या, थोडा वेळ थांबल्या आणि आपण होऊन परत गेल्या. कपाट बोटभर हललं नाही. दुपारी गाडी उतरवली, ल्यूबांनं करवतीनं पाठ कापली, तेव्हा हा खाली पडल्या जागीच होता. आणि बाहेर येऊन पहिला शब्द काय बोलला, तर ल्यूबांला म्हणाला, वाकडं कापलंस."